आधी एकट्याने, मग दोघांना घेऊन

४ फेब्रुवारी

दादा,

तुला आणि वहिनीला सलाम. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल, म्हणून आधी तेच सांगते. आमच्या क्वार्टरचा स्लॅब इतका पातळ आहे की वर मोठे भाऊजी खोकले तर खाली हे पाणी हवं का विचारतात. आणि मला जे सांगायचंय ते मोठ्या भाऊजींबद्दलच आहे.

माझं काम तुला ढोबळ माहीत आहे. ऑपरेशनची हत्यारं आणि कपडे माझ्या खोलीत येतात. आम्ही ते धुतो, गठ्ठे बांधतो, वाफेच्या मोठ्या मशीनमध्ये घालतो आणि जंतुमुक्त करून थिएटरला परत देतो. मशीन खरंच काम करतंय का हे बघायला दर सोमवारी गठ्ठ्यांच्या मधोमध बोटाएवढी एक नळी ठेवायची. तिच्यात जिवंत जंतू असतात. वाफ देऊन झाली की ती दोन दिवस उबेच्या पेटीत ठेवायची. जांभळी राहिली तर जंतू मेले, पिवळी झाली तर जगले. गेले तीन सोमवार नळी पिवळी झाली आहे.

हवा खेचणारा पंप गेलाय, त्यामुळे वाफ गठ्ठ्याच्या पोटात पोचत नाही. गठ्ठ्यावरची पट्टी मात्र छान काळी होते, कारण तिला फक्त उष्णता कळते. बाहेरून सगळं झकास. मी दुप्पट वेळ मशीन चालवून पाहिलं, तरी तेच.

भाऊजी हॉस्पिटलचे व्यवस्थापक आहेत. सत्तावीस तारखेला तपासणीवाले येणार. ते म्हणतात, रजिस्टरमध्ये 'पास' लिही आणि सही कर, दोन महिन्यांत नवं मशीन येतंय, तोवर देव सांभाळेल. थिएटर बंद पडलं तर हॉस्पिटल बंद पडेल आणि चाळीस घरांच्या चुली विझतील, असंही म्हणतात. ते खोटं नाही. पण बारा नंबरच्या खाटेवर एक बाळंतीण आहे. तिचे टाके पिकले म्हणून दोनदा उसवून पुन्हा घातले. तिची सासू मला रोज विचारते, बाई, आमचं काय चुकलं.

प्रभूने सांगितलेला क्रम तूच मला पाठ करून घेतला होतास. भावाशी वाद असेल तर आधी एकट्याने जा. मी गेले. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "तू दमली आहेस. चार दिवस रजा घे."

कामावर तेच, घरी डोक्यावर तेच, आणि रविवारी देवळात उपासनेला पुढच्या बाकावर तेच, मंडळीचे मुख्य पंच म्हणून. घटकाभर एकटीने गच्चीवर जायचं म्हटलं तरी जिना त्यांच्या दारावरूनच जातो. मला सांग, काय करू.

तुझी,
चिंगी

९ फेब्रुवारी

चिंगे,

त्रेचाळीस वर्षांच्या बाईला चिंगी म्हणतो म्हणून वहिनी मला हसते, पण तू सही तशी केलीस, माझा इलाज नाही.

पत्र तीनदा वाचलं. तुझी तगमग कळते. पण तुझा स्वभावही मला माहीत आहे. लहानपणी कोणी चुकीचा पाढा म्हटला की तू रडायला लागायचीस, तो पाढा तुझा नसला तरी. भाऊजींना मी इतकी वर्षं ओळखतो. माणूस कडक आहे, पण दुष्ट नाही. त्यांच्या डोक्यावर काय काय आहे ते तुला तुझ्या खोलीतून सगळं दिसत नसेल.

तू पहिली पायरी केलीस, छान केलंस. आता दुसरी. एक-दोघांना बरोबर घे. जावईबापूंना घे आणि तुमच्या पाळकांना घे. आवाज चढवू नकोस. समेट करणारे धन्य, हे विसरू नकोस. घरातल्या माणसाशी भांडण जिंकून आपण काय मिळवणार?

मी स्वतः इथे पाळक म्हणून मंडळीतल्या दोन तटांच्या मधे उभा आहे. एक गट म्हणतो मला ठेवा, दुसरा म्हणतो हलवा. मी दोघांकडेही चहा पितो आणि काही बोलत नाही. सवय होते. तुलाही होईल.

तुझा,
दादा

१६ फेब्रुवारी

दादा,

दुसरी पायरी केली. ती अंगाशी आली.

शनिवारी आम्ही तिघं वर गेलो. जाऊबाईंनी चहा केला. पाळकांनी आधी प्रार्थना केली, ती इतकी लांबली की चहावर साय धरली. मग ते म्हणाले, उद्या प्रभुभोजन आहे, मनात किल्मिष ठेवून कोणी भाकरीला आणि प्याल्याला हात लावू नये. मी नळ्यांचं सगळं सांगितलं, तारखांसकट. पाळक मान हलवत होते. हे गालिच्याकडे बघत होते. माझे साक्षीदार म्हणून आलेले दोघं पाचच मिनिटांत मध्यस्थ झाले. भाऊजी म्हणाले, नळ्या जुन्या असतील, पेटी बिघडली असेल, हिचा चष्म्याचा नंबर वाढलाय. एवढं बोलून झाल्यावर पाळकांनी दुसरी प्रार्थना केली.

आता तू मला रागव. आपल्या बाबांनी लावलेली सवय तुला माहीत आहे. भांडण झालं की प्रार्थना करायची, आणि आमेन झालं की दोघांनी एकमेकांना म्हणायचं, माझं काही चुकलं असेल तर क्षमा करा. आमेन झालं आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं. चाळीस वर्षांची जीभ आहे ती, मला न विचारता चालते. मी वाट बघितली की आता भाऊजीही म्हणतील. ते म्हणाले, "केली."

पाळकांनी वहीत लिहून घेतलं. रविवारी उपासनेआधी पंचांच्या बैठकीत वाचून दाखवलं की बहिणीने चूक कबूल करून तक्रार मागे घेतली, प्रभूची स्तुती असो. मी बाहेर सतरंज्या अंथरत होते, दारातून ऐकलं. प्रभुभोजनाला मी उठले नाही. बाकावर एकटीच बसून राहिले, आणि सगळे माझ्या गुडघ्यांना वळसा घालून पुढे गेले.

नव्या नळ्या संपल्यात. मागणीपत्रावर भाऊजी सही करत नाहीत. पण एक गोष्ट फक्त तुला सांगते. त्या पिवळ्या नळ्या नियमाने नष्ट करायच्या असतात. मी नाही केल्या. तारखांच्या चिठ्ठ्या लावून बटणांच्या डब्यात ठेवल्यात, आणि डबा शिवणयंत्राच्या खालच्या खणात आहे. उद्या कोणी म्हणालं की बाई स्वप्नात बोलते, तर दाखवायला तेवढंच आहे माझ्याजवळ.

भाऊजी वाईट नाहीत, दादा. माझ्या बाळंतपणात रक्त लागलं तेव्हा पहिला हात त्यांनी पुढे केला होता. त्यांच्याशी वैर धरायला माझं मनच होत नाही. म्हणून तर कोंडी झाली आहे. वाईट माणसाशी भांडणं किती सोपं असेल.

तुझी,
चिंगी

२१ फेब्रुवारी

चिंगे,

घाईत लिहितो. तुझ्या पत्राने रात्री झोप नाही, पण शेवटच्या परिच्छेदाने धीर आला. तुझ्या मनात वैर नाही, हेच महत्त्वाचं. भाऊजींनाही ते कळायला हवं.

मी प्रार्थनापूर्वक एक पाऊल उचललं आहे. काय ते आताच विचारू नकोस. चांगलं होईल असा भरवसा आहे.

तोवर तिसरी पायरी मात्र नको. मंडळीसमोर गोष्ट नेली की मंडळी दुभंगते. मी रोज बघतो आहे ते. तपासणी होऊन जाऊ दे, शांत राहा, प्रभुभोजनाला जात जा.

तुझा,
दादा

२ मार्च

दादा,

डब्यातल्या नळ्या गेल्या.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी खण उघडला तर बटणं होती, डबाही होता, नळ्या नव्हत्या. बटणं नीट परत भरून ठेवली होती. घरात आम्ही दोघंच. मुलगी होस्टेलला. खालची किल्ली यांच्याकडे, माझ्याकडे आणि अडीअडचणीला म्हणून एक वर. पण वर कोणाला माहीत असणार की बटणांच्या डब्यात काय आहे? हे मला धागा भरून देतात कधीकधी, त्यांना खण माहीत.

मी यांना विचारलं. नाही म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही वरच्या मजल्याला घाबरता, लहानपणापासून घाबरता, त्यांच्या उतरलेल्या शर्टात वाढलात म्हणून. इतकं लागेल असं मी लग्नानंतर कधी बोलले नव्हते. ते ताटावरून उठले. आता भिंतीकडे तोंड करून झोपतात. आमचं बोलणं म्हणजे दूध आलं का, आणि बिल कुठे ठेवलं.

तपासणी झाली. रजिस्टरवर मी सही केली नाही, पण मी रजेवर होते असं दाखवून भाऊजींनी त्यांच्या सहायकाकडून करून घेतली. तपासणीवाल्यांनी पट्ट्या पाहिल्या. काळ्याभोर. शेरा चांगला दिला.

काल आणखी एकाला ताप आला. हर्नियाचा पेशंट, शाळामास्तर. बारा नंबरची अजून आहेच. मी सकाळी गठ्ठे बांधते, मशीनमध्ये घालते, बाहेर काढते आणि थिएटरला देते. ते स्वच्छ नाहीत हे मला ठाऊक असतं, दादा. मी देते. नाही दिले तर दुसरी कोणीतरी देईल, असं मनाशी म्हणते आणि देते. मला माझ्या हातांची शिसारी आली आहे.

तू म्हणाला होतास पाऊल उचललं आहेस. त्याचं काय झालं?

तुझी,
चिंगी

७ मार्च

चिंगे,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आता सरळ लिहितो.

नळ्या जावईबापूंनी घेतल्या नाहीत. डब्याबद्दल भाऊजींना माझ्याकडून कळलं.

तुझं सोळा तारखेचं पत्र मी त्यांना पाठवलं. मला वाटलं, तू त्यांच्याविषयी जे लिहिलं आहेस, रक्ताचं, ते वाचून त्यांचं मन वळेल. आम्ही पाळक लोक असं करतो. रागावलेल्या दोघांना एकमेकांच्या मनातलं दाखवतो. त्या चार ओळींसाठी मी अख्खं पत्र पाकिटात घातलं. डब्याच्या ओळी मी वाचल्या होत्या, पण त्या मला दिसल्या नाहीत. मला फक्त समेट दिसत होता.

खरं तर ते चार ओळींसाठीही नव्हतं. मला तुमच्या भांडणातून सुटायचं होतं. एक पत्र टाकलं की माझं काम झालं. आयुष्यभर मी हेच करत आलो. दोघांकडे चहा प्यायचा, आणि त्याला शांती म्हणायचं. बाबांनी शिकवलेलं वाक्य मी तुला घोटवून घेतलं, कारण त्याने घरातला आवाज लवकर बंद व्हायचा. कोणाचं चुकलं हे कोणी कधी विचारलंच नाही.

भाऊजींचं उत्तर मला पंचवीसला आलं. सोबत जोडतो आहे. त्यात लिहिलं आहे, "नळ्यांची नियमानुसार विल्हेवाट लावली आहे. आपण वेळीच कळवलंत, आभारी आहे. मंडळीची शांती राखल्याबद्दल प्रभू आपल्याला आशीर्वाद देवो." हे वाचून मी दहा दिवस गप्प बसलो. तुझं दोन तारखेचं पत्र आलं तेव्हा कळलं की माझ्या गप्प बसण्यात तुझा संसारही भरडला जातो आहे.

नळ्या होत्या, याचा आता हाच पुरावा आहे. त्याचं काय करायचं ते तू ठरव. क्षमा मागण्याचा हक्क मला नाही, तरी मागतो.

तुझा,
दादा

१० मार्च

दादा,

भाऊजींचं पत्र परत पाठवते आहे. ते तुला आलं आहे, मला नाही.

तू पुन्हा तेच केलंस. पाकिटात घातलंस, तिकीट लावलंस आणि 'तू ठरव' म्हणून हात झटकलेस. मी ठरवलं आहे. मी पाळकांना लेखी कळवलं आहे की एकवीसच्या रविवारी उपासनेनंतर मला मंडळीसमोर बोलायचं आहे. ते म्हणाले, बहीण, तुम्ही तर क्षमा मागितलीत. मी म्हटलं, मागितली, पण मशीनने नाही मागितली.

मी जे बोलेन ते माझ्या तोंडचं. हातात काही नाही. भाऊजींचं पत्र मंडळीसमोर वाचायचं असेल तर तू ये आणि तुझ्या तोंडाने वाच. नसेल यायचं तर तेही लिहू नकोस, मला बाकावर बसल्यावर कळेलच.

यांच्या पाया पडायला गेले तर म्हणाले, राहू दे. आणि मग म्हणाले, मी खरंच घाबरतो त्यांना, तू खोटं नव्हतीस बोलली.

चिंगी

१५ मार्च

चिंगे,

वीसच्या दुपारच्या गाडीने येतो आहे. स्टेशनवर कोणी येऊ नका.

इथल्या दोन्ही गटांना सांगितलं की रविवारी मी नाही, आणि का नाही तेही सांगितलं. बहिणीचा विश्वास मोडला आहे, तो चारचौघांत कबूल करायला चाललो आहे, असं. मला हलवा म्हणणाऱ्यांना आता कारण फार शोधावं लागणार नाही.

कालच्या संदेशाला मी जुनंच टिपण काढलं होतं, शांतीवरचं. व्यासपीठावर गेल्यावर ते वाचवेना. मी एवढंच बोललो की प्रभूलाही माहीत होतं त्या शहरात त्याच्यासाठी क्रूस वाढून ठेवला आहे. शिष्यांनी किती अडवलं. तो वळसा घालून गेला नाही, आणि तिथे जाऊन कोणाचा द्वेषही केला नाही. मी वीस वर्षं यातलं दुसरं तेवढं सांगत आलो, पहिलं गाळून. सात मिनिटांत संदेश संपला. लोक घड्याळं बघायला लागले.

मला भीती वाटते आहे. तरी येतो.

दादा

३ एप्रिल

दादा,

तू पत्र वाचून थेट गाडीला गेलास, म्हणून पुढचं सांगायचं राहिलं. भाऊजींनी विचारलं, पाळक असून खाजगी पत्र चव्हाट्यावर आणता, आणि तू म्हणालास, हो, आणि आधी हिचंही असंच न विचारता दुसऱ्याला दिलं, तेव्हा तुम्हाला ते चाललं.

तू गेल्यावर आमच्या थिएटरच्या सर्जनबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, उद्यापासून त्या मशीनमधलं एकही हत्यार मी हातात धरणार नाही. सोमवारी नव्या नळ्या आल्या, बाईंनी स्वतः मागवल्या. मी ठेवली, बाईंनी काढली. बुधवारी पिवळी. मशीनला सील लागलं. वाफेच्या छोट्या डब्यात होतात तेवढीच हत्यारं जंतुमुक्त करतो, तातडीची ऑपरेशनं तेवढी होतात. पंच चौकशी करणार आहेत, म्हणजे ते घोंगडं भिजत पडणार.

गोड शेवट झाला असं समजू नकोस. धुण्याच्या विभागातल्या दोघींना अर्ध्या दिवसावर आणलं. त्या माझ्याकडे बघत नाहीत. पाळकांच्या बायकोने देवळातली जागा बदलली. जाऊबाई वरून कपडे वाळत घालताना माझ्या दोरीवर पाणी ठिबकलं तरी हाक मारत नाहीत. शाळामास्तर घरी गेले. बारा नंबरचीही जखम भरत आली आहे. मी तिला आणि तिच्या सासूला सगळं सांगितलं, मला कधीपासून ठाऊक होतं तेही. सासू एवढंच म्हणाली, "मग आधी का नाही बोललात?" मी क्रम पाळत होते, हे काय उत्तर झालं? तिने माझ्याशी पुन्हा बोलणं ठेवलं नाही, आणि ते बरोबरच आहे.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तू आलास म्हणून कमी झाला, इतकंच. जाईल तेव्हा कळवेन.

परवा संध्याकाळी जिन्यात भाऊजी समोर आले. मी वर गच्चीवर निघाले होते, ते उतरत होते. जिना एका माणसाचा. दोघांपैकी एकाला मागे फिरावं लागलं असतं, आणि दोघंही फिरलो नाही. ते थकलेले दिसत होते. दाढी नीट केलेली नव्हती.

म्हणाले, "आता आणखी काय हवंय तुला?"

मी म्हटलं, "काही नाही. मशीन बंद झालं."

"मी चाळीस माणसांचा विचार करत होतो."

"मला माहीत आहे, भाऊजी. पण बारा नंबरची एक्केचाळिसावी होती."

खाली कोणाचा तरी नळ वाहत होता. ते कठड्याकडे बघत म्हणाले, "रविवारी जेवायला खाली यायचं की नाही, ते एकदा सांगून टाक. हिला भाजी आणायची असते."

लग्न झाल्यापासून रविवारी दुपारी दोन्ही घरं आमच्याकडे जेवतात. गेले दोन रविवार कोणी विषय काढला नव्हता. माझ्या मनात आलं, नाही म्हणावं, म्हणजे सुटले. पुन्हा मनात आलं, हो म्हणावं, आणि या विषयावर कोणी काही बोलू नये, म्हणजेही सुटले. दोन्हीचा मोह झाला, दादा, तुला खोटं सांगत नाही.

मी म्हटलं, "या. मला तुम्ही यायला हवे आहात. पण जेवताना आपण याबद्दल बोलणार आहोत. सही कोणी केली, डबा कोणी उघडला, सगळं. गप्प जेवायचं असेल तर नका येऊ."

ते वळले आणि एकेक पायरी चढून परत घरात गेले. मी त्यांच्या मागे मागे वर गेले, कारण वाट तीच होती.

आज शनिवार आहे. वरून काही निरोप नाही. हे मघाशी पिशवी घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, किती जणांचं आणू? मी चौघांचं सांगितलं आहे.

चिंगी